दुर्बीण आणि कॅमेरा दोन्ही अंगावर वागवायचे असल्यास कोणता हार्नेस घ्यावा?

नवरंग, फोंडा

सर्वांना नमस्कार. पक्षी पाहण्यासाठी दुर्बीण कोणती घ्यावी, लेन्स कोणती घ्यावी, याविषयी आपल्याकडे भरपूर लिहिले जाते. परंतु घेतलेले साहित्य अंगावर वागवायचे कसे, याविषयी फारसे वाचनात आले नाही, म्हणून हा प्रश्न विचारत आहे.

माझ्याकडे ८×४२ची (आठपट मोठे दाखवणारी, पुढचे भिंग ४२ मिलिमीटरचे) दुर्बीण असून तिचे वजन ७०० ग्रॅमच्या आसपास भरते. त्याशिवाय निकॉनचा पी९०० कॅमेरा आहे, तोही जवळजवळ ९०० ग्रॅमचा. दोन्ही वस्तू त्यांच्यासोबत आलेल्या बारीक पट्ट्यांनी मी आजवर गळ्यातच अडकवत आले आहे. करमळीच्या तळ्यावर बांधावर उभे राहून पाहायचे असते तेव्हा त्याचा विशेष त्रास होत नाही. पण बोंडल्याला किंवा तांबडी सुर्ल्याच्या रानात दोन-तीन तास फिरणे झाले की मानेचा मागचा भाग भरून येतो आणि दुसऱ्या दिवशी गाडी मागे घेताना मान वळवणे अवघड होऊन बसते. शिवाय चढावर जरा पुढे वाकले की दुर्बीण आणि कॅमेरा एकमेकांवर आदळतात, त्यामुळे एक हात सतत त्यांना धरून ठेवण्यातच गुंततो.

पाठीवर पट्ट्यांची फुली असलेला हार्नेस घ्यावा, असे काही जणांनी सुचवले. माझ्या शंका अशा आहेत: एकाच हार्नेसवर दोन्ही वस्तू अडकवता येतात का? आपल्याकडच्या घामट हवेत जाड, मऊ गादीचे पट्टे सोसवतात का? मी सलवार-कमीज घालते आणि पाण्याची बाटली, छत्री व पक्ष्यांचे पुस्तक यांसाठी पाठीवर एक लहान बॅग असते. त्या सगळ्यात हार्नेस कसा बसवायचा? येथील दुकानांत या वस्तू घालून पाहण्याची सोय नाही, मागवायच्या तर न पाहताच मागवाव्या लागणार, म्हणून अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

रायबंदरचा खंड्या

ताई, हार्नेस निवडण्याआधी आपले दुखणे नेमके कशामुळे आहे, ते वेगळे करून पाहावे, असे मी सुचवेन. करमळीला त्रास होत नाही आणि रानात होतो, हे आपण स्वतःच लिहिले आहे आणि त्यातच बरेचसे उत्तर आहे. तळ्यावर अडई, जांभळी पाणकोंबडी, कमळपक्षी हे सगळे नजरेच्या पातळीवर किंवा तिच्याही खाली असतात. रानात मात्र धनेश उंबराच्या शेंड्यावर बसलेला असतो आणि तो फळे खाऊन उठेपर्यंत आपण मान मागे टाकून उभे असतो. हार्नेस लटकणाऱ्या वजनाचा भार मानेवरून काढून खांद्यांवर देतो, एवढेच त्याचे काम. दुर्बीण डोळ्यांना लावल्यावर तिचे वजन हातांवर येते आणि त्या वेळी मानेवर जो ताण असतो तो मागे कललेल्या आपल्याच डोक्याचा. तो कोणताही पट्टा कमी करू शकत नाही. एक दिवस दुर्बीण व कॅमेरा दोन्ही बॅगेत ठेवून त्याच वाटेने चालून पाहावे आणि थांबाल तेथे दुर्बीण बाहेर काढून नेहमीइतकेच वर पाहावे. त्या दिवशीही मान दुखली, तर हार्नेसवर पैसे घालण्याआधी पाहण्याची पद्धत बदलावी लागेल: झाडापासून शक्य तितके दूर जाऊन कमी कोनात पाहणे, बुंध्याला पाठ टेकणे, कोपरे बरगड्यांना लावून आधार घेणे आणि अधूनमधून दुर्बीण खाली घेऊन मान सरळ करणे. हाताला मुंग्या येत असतील किंवा बोटे बधिर होत असतील, तर मात्र आमच्यासारख्यांचे सल्ले बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावे.

आता हार्नेसविषयी. आपण म्हणता त्या प्रकारात दोन पट्टे पाठीवर एका चकतीत फुली करून एकमेकांना छेदतात. प्रत्येक पट्टा एका खांद्यावरून पुढे येऊन दुर्बिणीच्या बाजूच्या कडीला अडकतो आणि तेथून काखेखालून पुन्हा पाठीकडे जातो. वजन दोन्ही खांद्यांवर वाटले जाते हा एक लाभ. पण माझ्या मते त्याहून मोठा लाभ असा, की पट्टे काखेखालून मागे खेचलेले असल्यामुळे दुर्बीण छातीशी टेकून राहते आणि वाकल्यावर पुढे झुलत नाही. आपला एक हात जो अडकून पडतो, तो यामुळे मोकळा होईल.

पट्ट्यांची लांबी जमवणे हेच यातले खरे काम आहे आणि त्याकडेच लोक दुर्लक्ष करतात. दुर्बीण छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापाशी यावी. ती फार वर असली तर पायाखालची वाट पाहताना हनुवटी तिच्यावर आपटते आणि फार खाली असली तर पावलागणिक पोटावर आदळते. उंची जमली असे वाटले की मान पूर्ण मागे टाकून दुर्बीण डोळ्यांना लावावी. या स्थितीत पट्टा दुर्बिणीला खाली ओढता कामा नये. ओढत असेल तर हातांना त्या ओढीविरुद्धही जोर लावावा लागतो आणि मग चित्र थरथरते. इलॅस्टिकच्या अरुंद पट्ट्यांत हा दोष हमखास आढळतो; शिवाय उतारावर ते दुर्बिणीला वर-खाली नाचवतात. ७०० ग्रॅमला इलॅस्टिक चालून जाईल, त्याच्या वर मला ते पसंत नाही. साधी विणलेली पट्टी असावी आणि दुर्बीण उचलताना ती कडीतून सरकावी, अशी रचना अधिक चांगली.

एकाच हार्नेसवर दोन्ही वस्तू अडकवण्याच्या विचाराला माझा स्पष्ट विरोध आहे. छातीवर जागा एकाच वस्तूची असते. पक्षी दिसताच जी वस्तू आधी डोळ्यांना लागते, ती तेथे असावी. आपल्या बाबतीत ती दुर्बीण असणार, कारण पी९०० सुरू होऊन त्याची लेन्स बाहेर येईपर्यंत रानातला पक्षी थांबत नाही. कॅमेरा कमरेच्या एखाद्या मऊ पिशवीत किंवा तिरक्या पट्ट्याने कुशीपाशी असू द्यावा.

जाता जाता एक मुद्दा. पट्ट्याने वजन वाटले जाते, कमी होत नाही. ८×४२च्या दुर्बिणी साधारणपणे ६०० ते ८५० ग्रॅमच्या असतात आणि ८×३२च्या ४५० ते ६०० ग्रॅमच्या. पहाटेच्या अंधुक उजेडात ४२ची सरस ठरते, कारण तिच्यातून डोळ्यांत येणारा प्रकाशाचा झोत ५.२५ मिलिमीटर रुंदीचा असतो आणि ३२चा ४ मिलिमीटरचा. पण वय वाढते तशी डोळ्यांची बाहुली पूर्वीइतकी विस्फारत नाही आणि तो फरक प्रत्यक्षात कमी जाणवतो. पुढेमागे दुर्बीण बदलण्याचा विचार झाला, तर हे लक्षात असू द्यावे.

खोतीगावची वाट, काणकोण

खंड्या यांनी लिहिलेले बहुतेक सर्व पटते. परंतु 'छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापाशी' हे माप पुरुषाच्या अंगावरचे आहे. मी खोतीगाव आणि नेत्रावळीच्या जंगलात पाहुण्यांना पक्षी दाखवण्याचे काम करते आणि पट्टे जुळवण्यासाठी महिलांना मदत करण्याचा प्रसंग मला वारंवार येतो, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहिते.

महिलांनी दुर्बीण त्या मापापेक्षा थोडी खाली, बरगड्यांच्या सपाट भागावर येऊ द्यावी आणि पुढचे दोन्ही पट्टे छातीच्या मधून न नेता बाहेरच्या बाजूंनी, काखेच्या जवळून खाली आणावेत. ज्या हार्नेसमध्ये समोर छातीवरून आडवी जाणारी जोडपट्टी शिवलेली असते, तो घेऊच नये. ती पट्टी काढता किंवा वर-खाली सरकवता येत असेल तरच विचार करावा. पाठीवरची चकती दोन्ही खवाट्यांच्या मधोमध यायला हवी. ती मानेकडे सरकली, तर पट्टे पुन्हा मानेच्या मुळाशी येतात आणि हार्नेस घेण्याचा उद्देशच फसतो. लहान बांध्याच्या व्यक्तीला पुरुषी मापाचा हार्नेस सर्वांत आखूड करूनही सैलच राहतो, असे पुष्कळदा होते; म्हणून मागवताना पट्टा कमाल किती लांब होतो हे न पाहता किमान किती आखूड होतो, ते पाहावे.

बॅगेचा क्रम असा ठेवावा: आधी हार्नेस, त्यावर बॅग. असे केल्याने वाटेत बॅग उतरवली तरी दुर्बीण अंगावरच राहते. हार्नेसचा पट्टा मानेच्या बाजूला आणि बॅगेचा पट्टा खांद्याच्या बाहेरच्या बाजूला असला की एकावर एक चढत नाहीत. बॅगेला छातीवर बांधायचा छोटा पट्टा असतो, तो दुर्बिणीच्या मागून घ्यावा, पुढून घेतल्यास दुर्बीण उचलताच येत नाही. पाठीवरच्या चकतीत धातूची कडी असेल, तर बॅगेखाली ती दिवसभर टोचते. त्या जागी चामड्याचा किंवा जाड कापडाचा सपाट तुकडा असावा. ओढणी मात्र घरीच ठेवावी, असे मी सर्वांना सांगते. ऊन लागत असेल तर सुती रुमाल मानेभोवती, पट्ट्यांच्या खाली घ्यावा. तो घामही टिपतो.

जाड गादीविषयी आपली शंका रास्त आहे. निओप्रीन (स्पंजासारखे रबरी कापड) अंगाला मऊ लागते आणि वजनाचा झोकही शोषून घेते. पण त्यातून वारा जात नाही. मार्च ते मेमध्ये त्याच्याखाली सदरा चिंब होतो आणि मानेजवळ घामोळे येते. आपल्याकडे जाळीच्या अस्तराची, पातळ पण रुंद पट्टी बरी. दोन बोटे रुंद पट्टी ७०० ग्रॅमला पुरते.

पावसाळ्यात पट्टे रेनकोटच्या वरून घ्यावे लागतात आणि त्यासाठी ते थोडे सैल करावे लागतात, म्हणून लांबी कमी-जास्त करण्याचे बकल हाताला समोर सापडेल असे असावे. पाठीवर असलेले बकल दुसऱ्या माणसाशिवाय हलत नाही. दुर्बिणीच्या भिंगांवरचे रबरी झाकण मूळ पट्ट्यात ओवलेले असते. हार्नेस लावताना ते काढून ठेवले जाते आणि मग पहिल्याच सरीत भिंगे भिजतात. क्लिपचे जे छोटे फास दुर्बिणीच्या कडीत कायमचे राहतात, त्यांपैकी एका बाजूच्या फासात ते झाकण ओवून टाकावे.

चोडणच्या खारफुटीत होडीतून जाताना हार्नेसचा उपयोग नाही. जीवरक्षक जॅकेटच्या आत घातला तर दुर्बीण अडकते आणि वरून घ्यावा तर पट्टे पुरत नाहीत. तेथे आपण बसलेले असतो, तेव्हा क्लिपा सोडून दुर्बीण साध्या पट्ट्याने गळ्यात घ्यावी. जड कॅमेरा तिरक्या पट्ट्याने जॅकेटवर आवळून बांधू नये, पाण्यात पडण्याची वेळ आली तर तो एका झटक्यात सुटला पाहिजे. दुचाकीवर किंवा पायलटच्या (भाड्याच्या मोटारसायकलवाल्याच्या) मागे बसताना दुर्बीण छातीवर ठेवू नये, बॅगेत ठेवावी. धडक झाली तर तीच कठीण वस्तू बरगड्यांवर बसते.

दाभण-दोरा, म्हापसा

न पाहता मागवण्यापेक्षा हा हार्नेस शिवून घेणे सोपे आहे, हे कोणीच लिहिले नाही, याचे आश्चर्य वाटते. बॅगा दुरुस्त करणाऱ्या कोणत्याही चांगल्या कारागिराकडे लागणारे सर्व सामान असते: एक इंच रुंदीची विणलेली पट्टी, लांबी जमवण्याची बकले, दाबून सुटणाऱ्या क्लिपा आणि पाठीसाठी तळहाताएवढा जाड रेक्झिनचा किंवा चामड्याचा तुकडा. आपल्याच अंगावर माप घेऊन शिवल्यामुळे वर काणकोणच्या ताईंनी लिहिलेली किमान लांबीची अडचणही उरत नाही.

पट्टी पॉलिएस्टरची घ्यावी. नायलॉन पाणी शोषते आणि ओले झाल्यावर किंचित लांबते. त्यामुळे सकाळी जमवलेले माप पावसात भिजल्यावर बिघडते. दोराही पॉलिएस्टरचाच हवा, सुती दोरा घामाने आणि बुरशीने कुजतो. जेथे वजन येते तेथे चौकोन शिवून त्यात फुली मारायची. नुसती आडवी शिवण एका टोकाला उसवली की सगळीच सुटते. कापलेली टोके मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून वितळवून बंद करावीत.

अडचण फक्त दुर्बिणीच्या कडीची आहे. ती साधारण एक सेंटिमीटर रुंदीची असते आणि तिच्यातून इंचाची पट्टी जात नाही. म्हणून त्या टोकाला एक सेंटिमीटरच्या पट्टीचा वेगळा छोटा फास करून त्याला क्लिप जोडायची आणि मोठा पट्टा त्या क्लिपला. कडीत थेट धातूचा हूक अडकवू नये: दुर्बिणीची कडी घासून पातळ होते आणि चालताना धातूचा किणकिणाट होतो, तो पक्ष्याला आपल्या आधी कळतो. क्लिपा प्लास्टिकच्या चालतात, मात्र चांगल्या जातीच्या हव्यात. उन्हात ठिसूळ झालेल्या क्लिपेवर पांढुरके चरे दिसू लागतात, ते दिसताच ती बदलावी. धातूच वापरायची असेल तर पितळ किंवा स्टेनलेस स्टील. मुलामा दिलेल्या कड्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात गंजतात आणि तो गंज कपड्यांवर उतरतो.

माझ्या लेखी एकच गोष्ट विकतची घ्यावी, ती म्हणजे कॅमेऱ्याच्या तळाशी तिपाईसाठी जे भोक असते त्यात बसणारा पाव इंची स्क्रू. तो कारागिराकडून बनवून घेण्याच्या भानगडीत पडू नये.

दोन किलोची लेन्स, वास्को

वरील सर्व वाचल्यावर माझे मत अल्पमतात जाणार, हे दिसतेच आहे, तरीही मांडतो. ७०० ग्रॅमच्या दुर्बिणीसाठी हार्नेसची गरज नाही. मूळ पट्टा पुरेसा लांब करून तो डोके व एक हात यांमधून तिरका घ्यावा आणि दुर्बीण विरुद्ध बाजूच्या काखेखाली, कुशीवर येऊ द्यावी. मानेवर काहीच येत नाही, छाती मोकळी राहते, घाम कमी येतो, बॅगही सहज बसते. भार एकाच खांद्यावर राहतो हे खरे, म्हणून तासाभराने बाजू बदलावी. याला खर्च शून्य.

हार्नेसचा किंवा चांगल्या तिरक्या पट्ट्याचा विचार वजन किलोच्या पुढे गेल्यावर सुरू होतो. माझी १५०-६०० मिलिमीटरची लेन्स एकटीच दोन किलोंच्या आसपास आहे आणि कॅमेरा धरून हे ओझे तीन किलोंकडे जाते. तेथे पहिला नियम असा, की पट्टा कॅमेऱ्याला न लावता, तिपाईवर बसवण्यासाठी लेन्सखाली जो पाय असतो त्याला लावावा, नाहीतर सगळे वजन कॅमेरा आणि लेन्स यांच्या जोडावर येते. छातीवर पत्र्यासारखी पाटी असलेले जॅकेट मी वापरून पाहिले. सपाटीवर उत्तम, पण चढावर लेन्सचे तोंड मांडीला लागते आणि उन्हाळ्यात त्या पाटीखाली जीव नकोसा होतो. बॅगेच्या पट्ट्यावर बसवायची पीक डिझाइनची कॅप्चर क्लिप आपल्या पी९००च्या वजनाला योग्य ठरेल, मात्र बॅगेचा पट्टा जाड आणि घट्ट हवा. लहान पिकनिकच्या बॅगेवर ती कलंडते.

पी९०० तिरक्या पट्ट्याला तळाच्या स्क्रूने टांगणार असाल तर एक दक्षता घ्यावी. चालताना कॅमेरा झुलतो, त्या हिसक्यांनी स्क्रू हळूहळू सैल होतो. स्क्रूखाली रबरी वायसर ठेवावा, वाटेत थांबाल तेव्हा तो चिमटीत धरून तपासावा आणि कॅमेऱ्याच्या बाजूच्या कडीपासून पट्ट्यापर्यंत एक सुटी, मजबूत दोरी बांधून ठेवावी. स्क्रू सुटला तरी कॅमेरा खडकावर न पडता त्या दोरीवर लोंबकळेल.

नवरंग, फोंडा

सर्वांचे मनापासून आभार. खंड्या यांनी सांगितलेली चाचणी मी काल बोंडल्याला करून पाहिली. दोन्ही वस्तू बॅगेत ठेवून चालल्यावर मानेचा मागचा भाग भरून आला नाही, पण एका उंच झाडावर मलबारी धनेशांची जोडी बराच वेळ पाहिल्यानंतर कवटीच्या खाली, वरच्या बाजूला ताण जाणवला. म्हणजे दुखणी दोन आहेत आणि त्यांपैकी एकच हार्नेसने जाईल, असे मी समजते.

आता असे ठरवत आहे: प्रथम वास्कोच्या दादांनी सुचवल्याप्रमाणे मूळ पट्टा लांब करून दुर्बीण तिरकी घेऊन पाहते. तेवढ्याने भागले नाही, तर म्हापशाच्या पद्धतीने फोंड्यातच हार्नेस शिवून घेईन. कॅमेरा कमरेच्या पिशवीत जाईल. दोन शंका उरतात. तिरक्या पट्ट्याने दुर्बीण कुशीवर असताना वाकले तर ती पुढे घसरणार नाही का? आणि घामाने खारट झालेले पट्टे धुवायचे कसे?

रायबंदरचा खंड्या

घसरणार, ताई. पायऱ्या उतरताना किंवा ओहोळ ओलांडताना कोपराने ती दाबून धरावी लागते. पट्ट्याची लांबी एवढीच ठेवावी, की दुर्बीण कमरेच्या हाडाच्या वर, बरगड्यांपाशी राहील. खाली गेली की झोका मोठा होतो. आपल्याला चढ-उताराच्या वाटाच अधिक आवडतात असे दिसते, त्यामुळे अखेरीस आपण हार्नेसकडेच याल, असा माझा अंदाज आहे; पण तिरका पट्टा आधी वापरून पाहण्यात तोटा काहीच नाही.

दाभण-दोरा, म्हापसा

धुण्याविषयी: पट्टे दुर्बिणीपासून सोडवून साध्या कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण घालून अर्धा तास ठेवावेत, चोळून दोन पाण्यांतून काढावेत आणि सावलीत, वाऱ्यावर वाळवावेत. धुलाईयंत्रात घालू नयेत, क्लिपा फुटतात. चामड्याची चकती भिजवू नये. ओल्या फडक्याने पुसून घ्यावी आणि पूर्ण वाळल्याशिवाय कपाटात ठेवू नये, नाहीतर जुलैत तिच्यावर बुरशी धरते आणि तीच बुरशी शेजारी ठेवलेल्या दुर्बिणीच्या भिंगांपर्यंत जाते. म्हणूनच शिवून घेणार असाल तर पाठीसाठी चामड्याऐवजी रेक्झिनच घ्या. फोंड्यात शिवायला टाकण्याआधी दुर्बीण सोबत न्या आणि कारागिराला कडी प्रत्यक्ष दाखवा. तोंडी माप सांगून केलेला फास हमखास रुंद होतो.